मोठ्या एसीआधी गळके डक्ट पाहा

प्रश्न : आम्ही अमेरिकेत, टेक्सासमधील डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतो. घर दुमजली असून १९९८ साली बांधलेले आहे. वरच्या मजल्याचे तीन टनांचे एसी-हीटिंगचे युनिट आणि त्याचे सर्व डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळ्या, छपराखालच्या पोकळीत, म्हणजे अ‍ॅटिकमध्ये आहेत. गॅरेजच्या वर असलेली कोपऱ्यातली खोली उन्हाळ्यात दुपारनंतर थंड होतच नाही. माझ्या सासूबाई दरवर्षी मे महिन्यात साताऱ्याहून येतात आणि सप्टेंबरपर्यंत त्याच खोलीत राहतात. त्यांना दमा आहे आणि येथे आल्यावर त्यांचा रात्रीचा खोकला वाढतो. वरच्या हॉलमधल्या देवघरावर पुसल्यापासून दोन दिवसांत करड्या धुळीचा थर बसतो. हॉलच्या भिंतीतल्या मोठ्या जाळीमागे फिल्टर असतो. तेथे महागातला फिल्टर लावला, तरी फरक पडला नाही. आमच्या एसीवाल्याने चार टनांचे युनिट बसवण्याचा सल्ला दिला आहे. डक्ट स्वच्छ करून देणाऱ्यांची पत्रकेही सतत येतात. यजमानांनी दोन वर्षांपूर्वी अ‍ॅटिकमध्ये चढून दिसतील त्या सांध्यांना डक्ट टेप गुंडाळली होती. आता नेमका खर्च कशावर करावा?
— सौ. अ. कु.

उत्तर :

सौ. अ. कु. यांस सस्नेह नमस्कार.

आपल्या पत्रात चार तक्रारी आहेत : न थंड होणारी खोली, धूळ, निरुपयोगी ठरलेला फिल्टर आणि सासूबाईंचा खोकला. यांपैकी पहिल्या तिन्हींचे मूळ एकच असण्याची दाट शक्यता मला दिसते आणि चौथीलाही त्याचा हातभार लागत असावा. आपल्या डक्टना गळती असावी, आणि तीही विशेषतः खोल्यांतली हवा परत यंत्राकडे खेचून नेणाऱ्या, म्हणजे रिटर्नच्या बाजूला. म्हणून नवे युनिट, डक्टची सफाई आणि आणखी महाग फिल्टर हे तिन्ही विचार तूर्त बाजूला ठेवावेत, गळती मोजून घ्यावी, ती बुजवावी आणि पुन्हा मोजावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात आपण ज्या घरांत वाढलो, तेथे हा प्रश्नच नव्हता. खिडक्या उघड्या असत, आणि पुढे एसी आला तोही भिंतीवरचा, ज्या खोलीत बसवला त्याच खोलीतली हवा थंड करणारा. अमेरिकेतल्या घरात मात्र एकच यंत्र संपूर्ण मजल्याची हवा दिवसातून अनेक वेळा आत खेचते, थंड किंवा गरम करते आणि डक्टच्या जाळ्यातून खोल्याखोल्यांत ढकलते. हे जाळे छताच्या आणि भिंतींच्या आड असल्यामुळे त्यातले सांधे निखळले, तरी वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकी सरकारच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाच्या म्हणण्याप्रमाणे सर्वसाधारण घरात डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा भोके, फटी आणि नीट न जोडलेले सांधे यांतून वाया जाते. आपले तीन टनांचे युनिट मिनिटाला साधारण १,२०० घनफूट हवा फिरवते असे धरले, तर २० टक्के म्हणजे मिनिटाला २४० घनफूट. एका लहान खोलीला दोनदा पुरेल इतकी ही हवा आहे.

गळतीच्या दोन बाजू वेगळ्या समजून घ्यायला हव्यात, कारण त्यांचे परिणाम वेगळे असतात आणि आपल्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. सप्लायच्या, म्हणजे यंत्राकडून खोल्यांकडे हवा नेणाऱ्या बाजूला गळती असेल, तर पैसे खर्च करून थंड केलेली हवा अ‍ॅटिकमध्ये सांडते. खोलीला हवा कमी मिळते, आणि घरातून बाहेर गेलेल्या तेवढ्याच हवेची भरपाई करण्यासाठी दारे, खिडक्या, दिव्यांची भोके आणि गॅरेजची भिंत यांच्या फटींतून बाहेरची उष्ण, दमट हवा आत ओढली जाते. आपली कोपऱ्यातली खोली यंत्रापासून लांब असणार, म्हणजे वाटेतल्या सगळ्या सांध्यांची गळती तिच्याच वाट्याला येत असणार.

रिटर्नच्या बाजूची गळती अधिक वाईट. तेथे डक्टमधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असल्यामुळे फटीतून हवा बाहेर न जाता आत खेचली जाते आणि अ‍ॅटिकमधली तप्त, धुळकट, काचतंतूंचे कण असलेली हवा थेट यंत्रात शिरते. डॅलसच्या उन्हाळ्यात दुपारी अ‍ॅटिकचे तापमान १२० ते १३० अंश फॅरेनहाइट सहज होते. घरात ७६ अंश आणि अ‍ॅटिकमध्ये १२६ अंश असताना रिटर्नमधून जाणाऱ्या हवेत अ‍ॅटिकची हवा फक्त दहा टक्के मिसळली, तरी यंत्रापाशी पोचणारी हवा ७६ ऐवजी ८१ अंशांची होते. साधारण एसी हवेचे तापमान २० अंशांच्या आसपास उतरवतो. म्हणजे यंत्राच्या कामाचा चौथा हिस्सा अ‍ॅटिकची ती दहा टक्के हवा पूर्वपदावर आणण्यातच खर्च होतो. त्या हवेतला दमटपणा काढण्याचे काम यात धरलेलेच नाही.

आता फिल्टरचे कोडे सुटते. आपला फिल्टर हॉलच्या जाळीत आहे आणि यंत्र वर अ‍ॅटिकमध्ये. या दोघांच्या मधल्या वाटेत जी हवा फटींतून शिरते, ती फिल्टरमधून गेलेलीच नसते. ती थेट खोल्यांत जाते. त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी फिल्टर विकणारा सांगत नाही. महाग, दाट विणीचा फिल्टर हवेला जास्त अडवतो. त्यामुळे त्याच्यामागचा दाब आणखी उतरतो आणि फटींतून अ‍ॅटिकची हवा पूर्वीपेक्षा जोराने आत येते. आपण चांगल्या हेतूने केलेल्या खर्चाने धूळ कमी न होण्याचे हे कारण असू शकते. गळती बुजवल्यावर मात्र तोच फिल्टर खरोखर उपयोगी पडेल. मर्व १३ दर्जाचा (मर्व म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो याचे माप) फिल्टर दमेकरी माणसाच्या घरात असावा, असे मीही म्हणेन. फक्त तो एक इंची न लावता, जागा करून घेऊन चार इंची लावावा, म्हणजे हवा अडत नाही.

आपण एक तपासणी आजच करू शकता. तिच्यासाठी अ‍ॅटिकमध्ये चढण्याची गरज नाही. थर्मोस्टॅट बंद करा, हॉलमधली मोठी जाळी उघडा, फिल्टर काढा आणि हातात विजेरी घेऊन आत डोकावून पाहा. त्या काळात टेक्सासमध्ये बांधलेल्या बऱ्याच घरांत या जाळीमागे पत्र्याचा डक्ट नसतोच. भिंतीच्या दोन लाकडी खांबांमधली पोकळीच डक्ट म्हणून वापरलेली असते. शीटरॉकची, म्हणजे भिंतीच्या जिप्समच्या तक्त्याची, न बुजवलेली कड, लाकूड आणि शीटरॉक यांच्यामधली बोटभर फट, वायर जाण्यासाठी पाडलेले आणि तसेच सोडलेले भोक, पोकळीच्या वरच्या टोकाला अ‍ॅटिकचा दिसणारा अंधार, यांपैकी काही ना काही आपल्याला दिसेल, असा माझा अंदाज आहे. फटीच्या कडेला पिवळी किंवा गुलाबी ग्लासवूल डोकावत असेल, तर तिचा रंग पाहा. ती जेथे काळपट झाली असेल, तेथून वर्षानुवर्षे हवा वाहते आहे आणि ती ग्लासवूल धूळ गाळते आहे. गळतीची याहून स्पष्ट खूण नाही.

खोल्यांच्या छतातल्या जाळ्यांच्या कडेने पांढऱ्या रंगावर काळसर पट्टे उमटले आहेत का, हेही पाहून ठेवा. जाळीच्या वर पत्र्याची एक पेटी असते आणि ती आणि छताचे शीटरॉक यांच्यामध्ये फट राहिलेली असली, की असे पट्टे उठतात. रात्री सासूबाईंच्या खोलीचे दार लावून, एसी चालू असताना, दाराखालच्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरून पाहा. पट्टी हॉलच्या दिशेने जोरात फडफडली, तर त्या खोलीत हवा ढकलली जाते आहे, पण तिला परत जायला वाट नाही. अशी खोली हवा घेईनाशी होते आणि हॉल मात्र अ‍ॅटिकमधून आणि बाहेरून हवा ओढू लागतो. दार खालून थोडे कापणे किंवा दारावर आरपार जाळी बसवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. या तपासणीसाठी घरातल्या घरात उदबत्तीचा धूर वापरायलाही हरकत नाही; अ‍ॅटिकमध्ये मात्र कधीही नको, कारण तेथील कागदी आवरणे पेट घेऊ शकतात.

यजमानांच्या मेहनतीला दोष देण्याचा माझा हेतू नाही, पण डक्ट टेप या कामाची नव्हे. १९९८ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत मॅक्स शेर्मन आणि आयन वॉकर यांनी डक्ट सांधण्याचे अनेक प्रकार उष्णतेत तपासले. त्यात कापडी पाठीच्या साध्या डक्ट टेपनेच दगा दिला. मॅस्टिक नावाचा लेप आणि इतर प्रकार टिकले. अ‍ॅटिकमध्ये दोन उन्हाळे काढलेली टेप हातात घेतली तर कारण कळते. कापड कडक झालेले असते, डिंक वाळून भुकटी झालेला असतो आणि टेप गुंडाळीच्या आकारातच सांध्यावरून घसरून बाजूला येते. शिवाय आपल्याकडचे डक्ट लवचीक, म्हणजे प्लॅस्टिकच्या आतल्या नळीभोवती ग्लासवूल आणि त्यावर चंदेरी आवरण अशा प्रकारचे असावेत. अशा डक्टच्या बाहेरच्या आवरणावर टेप लावून काहीच बुजत नाही, कारण हवा आतल्या नळीतून जाते आणि ग्लासवूलमधून हव्या त्या वाटेने बाहेर पडते. आतली नळी पत्र्याच्या गळ्यावर चढवून, मॅस्टिक लावून, नायलॉनच्या पट्ट्याने ओढून घट्ट आवळावी लागते. त्यानंतर ग्लासवूल पुन्हा पूर्ण पुढे ओढून, बाहेरचे आवरण वेगळ्या पट्ट्याने बांधावे लागते. हे दुसरे काम राहून गेले, तर थंड पत्र्याला घाम सुटतो आणि छतावर ओल उतरते.

मॅस्टिक म्हणजे दाट पिठासारखा, ब्रशने लावायचा, वाळल्यावरही थोडा लवचीक राहणारा लेप. अमेरिकेतले कारागीर त्याला पूकी म्हणतात. दुकानात डक्ट मॅस्टिक म्हणून मागावा आणि पाण्यावर आधारित, यूएल १८१ हा शिक्का असलेला घ्यावा. थर पाच सेंटच्या नाण्याइतका जाड हवा. खालचा पत्रा दिसत असेल तर थर कमी पडला. पाव इंचाहून मोठ्या फटीवर आधी काचतंतूंची जाळीदार पट्टी चिकटवावी आणि मग लेप द्यावा. बोट सहज जाईल अशा भोकावर पत्र्याचा किंवा डक्टबोर्डचा तुकडा बसवून त्याच्या कडा लेपाने बुजवाव्यात. फुगणारा फोम या पोकळीत वापरू नये, तो ज्वालाग्राही असतो. उघडून पुन्हा लावाव्या लागणाऱ्या जागी, जसे यंत्राच्या दारांच्या कडेला, त्याच शिक्क्याची चंदेरी फॉइल टेप वापरावी, पण पृष्ठभाग आधी स्वच्छ आणि कोरडा करून घ्यावा.

हॉलच्या जाळीमागची पोकळी यजमान स्वतः बुजवू शकतील. थर्मोस्टॅटबरोबर ब्रेकरही बंद करावा, पोकळी व्हॅक्यूम करावी, सर्व कोपरे आणि वायरची भोके लेपून घ्यावीत आणि लेप वाळेपर्यंत यंत्र चालवू नये. घरातल्या घरात बसून करता येणारे हे काम आहे आणि फरक सर्वांत जास्त त्यानेच पडेल. खोल्यांच्या छतातल्या जाळ्या उतरवून पेटी आणि शीटरॉक यांच्यामधली फट बुजवणेही शिडीवरून होते. अ‍ॅटिकमधले काम मात्र मी जाणकारावर सोपवीन. तेथे लाकडी तुळयांवरच पाय ठेवावा लागतो, चुकून शीटरॉकवर पडला तर माणूस खालच्या खोलीत येतो. उन्हाळ्यात तेथली उष्णता जीवघेणी असते. स्वतःच जायचे ठरवले, तर थंडीच्या दिवसांत, पहाटे, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि एन-९५ मास्क घालून, आणि खाली कोणीतरी थांबलेले असतानाच जावे.

जाणकार निवडताना तो काय विकतो यापेक्षा काय मोजतो हे विचारावे. बीपीआय किंवा रेसनेट या घरांच्या ऊर्जातपासणीशी संबंधित संस्थांचे प्रमाणपत्र असलेला परीक्षक सर्व जाळ्या बंद करून, एका लहान पंख्याने डक्टमध्ये २५ पास्कलचा दाब निर्माण करतो आणि तो दाब टिकवण्यासाठी मिनिटाला किती घनफूट हवा भरावी लागते ते मोजतो. तीच आपली गळती. नव्या घरांसाठी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संहितेने दर १०० चौरस फुटांना ४ घनफूट ही मर्यादा घातली आहे. वरचा मजला १,२०० चौरस फुटांचा असेल, तर ती ४८ घनफूट होते. पंचवीस वर्षांहून जुन्या घरात तेथपर्यंत पोचण्याचा हट्ट धरू नये, पण आपल्या १,२०० घनफुटांच्या यंत्रासाठी गळती १२० च्या खाली आणणे अगदी शक्य आहे. करारात कामाआधीचा आणि कामानंतरचा असे दोन्ही आकडे लिहून देण्याची अट घालावी. ती ऐकून जो कंत्राटदार मागे सरेल, त्याला जाऊ द्यावे.

भिंतींत दडलेले आणि हात न पोचणारे डक्ट असतील, तर आतून बुजवण्याची एक पद्धत आहे. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतच मार्क मोडेरा यांनी १९९०च्या दशकात ती विकसित केली. जाळ्या बंद करून डक्टमध्ये दाबाखाली चिकट बहुवारिकाचे सूक्ष्म कण सोडतात. हवा जेथून निसटते तेथे ते कण कडेला चिकटत जातात आणि फट बुजते. साधारण पाच अष्टमांश इंचापर्यंतच्या फटी त्याने बंद होतात. निखळलेला सांधा त्याने जोडला जात नाही, तो आधी हातानेच जोडावा लागतो. काम उत्तम होते, पण महाग असते. आपल्या घरात बहुतेक डक्ट अ‍ॅटिकमध्ये उघडेच असल्यामुळे मॅस्टिकने काम भागेल, असे मला वाटते. हा उपाय घेतलाच, तर तो सासूबाई येण्याच्या आधी करून घ्यावा.

आता मोठ्या युनिटविषयी. शेतातल्या गळक्या पाइपलाइनवर जास्त अश्वशक्तीची मोटर बसवली, तर शेवटच्या वाफ्याला पाणी थोडे जास्त पोचते, पण प्रत्येक सांध्यातून चिळकांडीही जास्त उडते. चार टनांचा पंखा तेच करील. त्याहून महत्त्वाचे असे, की गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटपट थंड करून लवकर थांबतो आणि हवेतला दमटपणा काढण्याइतका वेळ चालतच नाही. धुळीतले किडे दमट हवेत वाढतात आणि दम्याला ते पोषक ठरतात. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, शक्य तर ३० ते ५० टक्क्यांत असावी, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए सांगते. दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक सासूबाईंच्या खोलीत ठेवावा आणि रोज सकाळी आकडा पाहावा. गळती बुजवल्यावरही खोली तापत राहिली, तर एसीवाल्याकडे मॅन्युअल जे पद्धतीने केलेला उष्णताभाराचा हिशेब लेखी मागावा. घराचे चौरस फूट पाहून अंदाजाने सांगितलेला टनांचा आकडा हा हिशेब नव्हे.

डक्टच्या सफाईबाबत ईपीएची भूमिका बरीच वर्षे तीच आहे : नियमित सफाई आवश्यक नाही आणि तिने आजार टळतात असे कधीही सिद्ध झालेले नाही. डक्टच्या आत डोळ्यांना दिसणारी बुरशी असेल, उंदीर-किडे शिरले असतील किंवा धुळीने वाट तुंबून ती खोल्यांत उडत असेल, तरच सफाई करावी. आणि रिटर्नला गळती तशीच ठेवून साफ केलेले डक्ट पुन्हा अ‍ॅटिकच्याच धुळीने भरतात. पत्रकांतल्या स्वस्त दराला भुलू नये. आत जंतुनाशक फवारण्याचा आग्रह कोणी धरला, तर दमेकरी माणूस घरात आहे, एवढे सांगून ठाम नकार द्यावा.

काही खोल्यांच्या जाळ्या बंद ठेवून वीज वाचवण्याची सवय आपल्या अनेक मराठी घरांत मी पाहतो. आपल्याकडे ती असल्यास सोडून द्यावी. जाळी बंद केल्याने यंत्राचे काम हलके होत नाही. डक्टमधला दाब वाढतो आणि उरलेल्या प्रत्येक फटीतून गळती वाढते.

सुरक्षेची एक गोष्ट मी अटीसारखी सांगतो. आपल्या घरात गॅसवर चालणारा वॉटर हीटर किंवा फर्नेस असणार. डक्ट बुजवल्यावर घरातल्या दाबाचा तोल बदलतो, आणि क्वचित प्रसंगी ज्वलनाचा धूर चिमणीतून वर जाण्याऐवजी घरात परततो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो प्राणघातक आहे. म्हणून काम संपताच, सर्व एक्झॉस्ट पंखे आणि कपड्यांचा ड्रायर चालू ठेवून, परीक्षकाकडून गॅसच्या उपकरणांची धूर ओढण्याची चाचणी करून घ्यावी. प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल, तर तो आजच लावावा, गळतीच्या कामाची वाट पाहू नये. सासूबाईंची खोली गॅरेजवर असल्यामुळे गॅरेजमधून जाणारा एखादा डक्ट आहे का, तेही परीक्षकाला मुद्दाम पाहायला सांगावे. त्या डक्टला रिटर्नच्या बाजूने फट असेल, तर गाडीचा धूर आणि पेट्रोलची वाफ सरळ बिछान्यापर्यंत येते. ती फट सर्वांत आधी बुजवावी.

सासूबाईंच्या खोकल्याविषयी मी जपून लिहितो, कारण तो माझा विषय नाही. डक्ट बुजवल्याने अ‍ॅटिकची धूळ, काचतंतू आणि दमटपणा कमी होईल, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. दमा बरा होईल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. त्यांचा इनहेलर आणि डॉक्टरांचा सल्ला यांत कोणताही बदल करू नये. घरात हवा दूषित करणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत, ज्यांना डक्टचा इलाज लागू पडत नाही. पहिली, फोडणी. मिरची-मोहरीच्या फोडणीचा धूर आणि तळणाचे सूक्ष्म कण वरपर्यंत पोचतात, आणि अमेरिकेतल्या अनेक स्वयंपाकघरांत ओट्यावरचा पंखा धूर बाहेर न टाकता गाळून परत खोलीतच सोडतो. आपला पंखा बाहेर उघडतो का, हे भिंतीबाहेर जाऊन पाहा. बाहेर उघडणारा आणि मिनिटाला किमान १०० घनफूट हवा ओढणारा पंखा बसवणे हा डक्टनंतरचा सर्वांत योग्य खर्च ठरेल. घर जितके घट्ट होईल, तितकी त्याची गरज वाढेल. दुसरी, उदबत्ती आणि निरांजन. देवघरावर बसणाऱ्या करड्या थरात काजळी आणि राख यांचाही वाटा असतोच. पूजा रोजची आहे आणि ती सासूबाईंच्या जिव्हाळ्याची आहे, हे मी जाणतो. त्यामुळे बंद करा असे म्हणणार नाही. पण त्या येथे असताना उदबत्ती न लावता फुले आणि एक लहान ज्योत एवढ्यावर पूजा करता येईल का, हे त्यांच्याशीच बोलून ठरवावे. आपल्याकडे हवा शुद्ध करणारे यंत्र असेल, तर ते हॉलमध्ये न ठेवता त्यांच्या खोलीत ठेवावे. त्याचा सीएडीआर, म्हणजे ते मिनिटाला किती घनफूट शुद्ध हवा देते हा आकडा, खोलीच्या चौरस फुटांच्या दोन तृतीयांश तरी हवा. दीडशे चौरस फुटांच्या खोलीला १०० पुरेल. ओझोन सोडणारे यंत्र मात्र दमेकऱ्याच्या खोलीत कधीही ठेवू नये.

वेळापत्रक सुचवायचे तर असे : हॉलच्या जाळीमागची पाहणी या शनिवारीच करावी, म्हणजे परीक्षकाला बोलावताना त्याला काय दाखवायचे ते आपल्याला ठाऊक असेल. पहिली मोजणी आणि अ‍ॅटिकमधले काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करून घ्यावे, कारण एप्रिल संपत आला की तेथे दुपारी काम करणे कारागिरांनाही कठीण जाते आणि एसीवाले दुरुस्त्यांत अडकून पडतात. वीज कंपनीकडे डक्ट बुजवण्यासाठी सवलत आहे का, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारावे. बहुतेक ठिकाणी नंतर केलेला अर्ज चालत नाही. सासूबाई आल्यावर जूनमधली एखादी तप्त दुपार निवडावी, त्यांच्या खोलीतल्या आणि हॉलमधल्या तापमानाचा फरक लिहून ठेवावा. तो तीन-चार अंशांच्या आत आला असेल, तर चार टनांच्या युनिटचा विषय तेथेच संपवावा.

कळावे.